जीसीएमएस नोट्समध्ये ‘इंटरव्ह्यू रिकमेंडेड’ असा शेरा आलाय (कॅनडा, स्पाउस स्पॉन्सरशिप) – जाणकारांनी कृपया सांगावे

विजापूर_रोड

नमस्कार मंडळी,

हा धागा ताईसाठी काढतोय. लग्न झाल्यापासून ती सोलापुरात आमच्याकडेच आहे आणि दाजी ब्रॅम्प्टनला. दाजी पीआर, म्हणजे कॅनडाचे कायम रहिवासी आहेत. त्यांनी स्पॉन्सर म्हणून अर्ज भरला, त्यांची स्वतःची पात्रता मंजूर झाली, ताईचं बायोमेट्रिक आणि मेडिकल झालं, आणि मग सगळं ठप्प. ऑनलाइन खात्यात महिनोन्‌महिने तीच एक ओळ. शेवटी दाजींनी जीसीएमएस नोट्स, म्हणजे फाइलवरच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी, मागवल्या. परवा पीडीएफ आली.

बरीच पानं आहेत, अर्धी आम्हाला कळत नाहीत. काही ठिकाणी नुसते पांढरे चौकोन आणि कडेला आकडे. पण शेवटी-शेवटी अधिकाऱ्याने जे लिहिलंय त्याने घरात रडारड झाली. त्याचा मतितार्थ असा: दोघे प्रत्यक्ष भेटल्यावर दोन-तीन दिवसांत लग्न. पाहुणे मोजके. हळद, साखरपुडा अशा रूढ विधींचे फोटो नाहीत. विवाह दाखल्यावरचं अर्जदाराचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. ‘आर ४’बद्दल शंका. मुलाखत घ्यावी.

आता खरी गोष्ट. स्थळ मावशीने आणलं. दोघं आधी कित्येक महिने व्हिडिओ कॉलवर बोलत होते. दाजींना सुट्टी थोडी मिळाली, म्हणून बैठकीतच याद (खर्च-मानपानाची लेखी बोलणी) झाली आणि त्याच संध्याकाळी होटगी रोडच्या कार्यालयात अक्षता पडल्या. यादी पे शादी. आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. हळद सकाळी घरच्या घरी, बायकांनी घाईघाईत लावली. फोटोग्राफर संध्याकाळी आला.

माझे प्रश्न: मुलाखत म्हणजे नकार ठरलाच का? ‘इलिजिबिलिटी – रिव्ह्यू रिक्वायर्ड’ म्हणजे काय? पांढऱ्या चौकोनांत काही वाईट लपवलंय का? आणि गावातला एक एजंट म्हणतोय, प्रश्नोत्तरं लिहून देतो, ताईने पाठ करायची. पैसे बरेच सांगतोय. काय करावं?

नवी_पेठ

आमच्या वहिनींचंही असंच अडकलंय. वाचतोय.

अशोक_चौक_ते_मिसिसागा

विजापूर_रोड, आधी घरच्यांना शांत करा. मुलाखत म्हणजे नकार नव्हे. अधिकाऱ्याला नकारच द्यायचा असता तर त्याच्यापुढे दुसरे मार्ग होते. मुलाखत म्हणजे त्याच्या मनातली शंका तो तुमच्यासमोर ठेवणार आणि तुम्हाला उत्तर द्यायची संधी देणार. तुमचं नशीब असं की ती शंका काय आहे हे तुम्हाला आधीच कळलंय. बहुतेकांना ते दिल्लीतल्या खोलीत बसल्यावर कळतं.

नोट्स कशा वाचायच्या ते सांगतो. जीसीएमएस म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची, आयआरसीसीची, केस सांभाळायची संगणक यंत्रणा. २०१०च्या सुमारास ती परदेशातल्या व्हिसा कार्यालयांत आली. त्याआधी कॅप्स नावाची जुनी यंत्रणा होती, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘कॅप्स नोट्स’ असतं. तुमच्या अर्जाला हात लावणारा प्रत्येक कर्मचारी काय केलं ते त्यात नोंदवतो. तुम्हाला मिळालेली पीडीएफ म्हणजे त्या नोंदींचा त्या दिवसापुरता छाप. त्यामुळे सगळ्यात आधी पीडीएफ कोणत्या तारखेला काढली ते बघा. तुमच्या हातात येईपर्यंत फाइल पुढे सरकलेली असू शकते.

पहिल्या पानांत नाव, पत्ता, यूसीआय नंबर (खात्याने अर्जदाराला दिलेला ओळख क्रमांक), फाइल नंबर, पासपोर्ट असली माहिती. ती कंटाळा न करता तपासा. जन्मतारीख किंवा पत्ता चुकीचा चढलेला असतो आणि पत्र भलतीकडे जातं. मग येतात वेगवेगळ्या तपासण्या: इलिजिबिलिटी, मेडिकल, क्रिमिनॅलिटी, सिक्युरिटी. प्रत्येकीपुढे ‘नॉट स्टार्टेड’, ‘इन प्रोग्रेस’, ‘पास्ड’ असं काहीतरी. ‘रिव्ह्यू रिक्वायर्ड’ म्हणजे कुणीतरी प्राथमिक बघून वरच्या अधिकाऱ्याने नीट बघावं म्हणून बाजूला काढलंय. नापास नव्हे. ‘बीएफ’ आणि पुढे तारीख दिसली तर ती फाइल पुन्हा उघडायची अधिकाऱ्याने स्वतःसाठी लावलेली आठवण. त्या तारखेला निकाल लागेल असं समजून कॅलेंडरवर गोल करू नका.

आणि मग तुम्ही शेवटी पाहिलंत ते, मजकुरातल्या नोंदी. खरा जीव तिथे आहे. ‘पीए’ म्हणजे मुख्य अर्जदार, इथे तुमची ताई. ‘ए’ आणि आकडा दिसला की ते इमिग्रेशन कायद्याचं कलम, ‘आर’ आणि आकडा दिसला की त्याच्या नियमावलीतला नियम. ए ४० म्हणजे खोटी माहिती, ए ३६ म्हणजे गुन्हेगारी, ए ३४ म्हणजे सुरक्षा. तुमच्याकडे फक्त आर ४ आहे. ए ४० कुठेही नाही ना, हे पीडीएफमध्ये शोधून इथे सांगा.

आर ४ दोन प्रश्न विचारतो. लग्न खरं आहे का? आणि लग्न करताना मुख्य हेतू कॅनडात जाणं हाच होता का? ३० सप्टेंबर २०१०पासून नियमाची शब्दरचना अशी आहे की दोनपैकी एकाही बाबतीत अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही तरी अर्ज फेटाळता येतो. त्यामुळे ‘आम्ही आता रोज बोलतो’ एवढ्याने भागत नाही. तो पहिल्या प्रश्नाचा पुरावा झाला. दुसऱ्याचा पुरावा लग्नाआधीचा लागतो: ओळख कशी झाली, किती काळ बोलत होते, घाई कशामुळे झाली. तुमच्या केसमध्ये सगळं वजन तिथेच आहे.

विजापूर_रोड

दादा, खूप आभार. आत्ताच शोधलं, ए ४० कुठेही नाही. सिक्युरिटीपुढे मात्र निम्मं पांढरं आहे आणि कडेला १५(१), १६ असं लिहिलंय. शिवाय दाजींच्या भागातली पानंही कोरी आहेत, तिथे १९(१). त्यांनीच मागवल्या, तरी त्यांचीच माहिती का लपवली?

अशोक_चौक_ते_मिसिसागा

कडेचे आकडे हे माहिती न देण्याची कारणं, कॅनडाच्या माहिती मागण्याच्या कायद्यातली, इमिग्रेशन कायद्यातली नव्हे. १५(१) आंतरराष्ट्रीय संबंध आणि संरक्षण, १६ कायद्याची अंमलबजावणी. सिक्युरिटीच्या रकान्यात हे जवळपास सगळ्यांचं कोरं येतं. माझं स्वतःचंही आलं होतं. त्यावरून काही अर्थ काढू नका.

१९(१) म्हणजे दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती. अर्ज कुणी टाकला यापेक्षा कुणाच्या संमतीचा कागद जोडला हे महत्त्वाचं. स्पॉन्सरशिपच्या फाइलमध्ये दोन माणसं असतात. आयएमएम ५७४४ हा संमतीचा फॉर्म आहे. तुम्ही बहुधा ताईची सही जोडलीत, दाजींची स्वतःची वेगळी संमती जोडली नसेल किंवा कुणा तिसऱ्याच्या नावावरून अर्ज गेला असेल.

विजापूर_रोड

बरोबर. दाजींच्या रूममेटने त्याच्या खात्यातून मागवल्या होत्या.

अशोक_चौक_ते_मिसिसागा

मग उलगडा झाला. पुढच्या वेळी दोघांच्या सह्या घ्या.

इतरांसाठीही लिहितो. आपल्या माहिती अधिकार कायद्यासारखाच हा प्रकार. इथे १० रुपयांचा स्टॅम्प आणि ३० दिवस, तिथे ५ डॉलर आणि ३० दिवस, फक्त ते मुदत वाढवून घेऊ शकतात आणि बऱ्याचदा घेतात. अ‍ॅक्सेस टू इन्फर्मेशन कायद्याखाली कॅनडाचा नागरिक, पीआर किंवा त्या वेळी कॅनडात असलेली व्यक्तीच मागू शकते. म्हणून इथले लोक तिकडच्या ओळखीच्याला पकडतात, आणि त्यातून नोट्स मागवून द्यायचा धंदाच उभा राहिलाय. पण जुलै २०२२पासून प्रायव्हसी कायद्याचा हक्क कॅनडाबाहेरच्या माणसांनाही मिळाला. म्हणजे तुमची ताई सोलापुरात बसून, स्वतःच्या नावाने, स्वतःची माहिती फुकट मागू शकते. कुणाच्या रूममेटची गरज नाही. मागताना ‘अधिकाऱ्यांच्या सर्व नोंदींसह’ असं स्पष्ट लिहा.

कडक_भाकरी

एवढं कशाला डोकं लावता ओ. आमच्या गल्लीतल्या पोरीचं त्याच एजंटनं केलं बहुतेक. शंभर प्रश्न लिहून दिले, पोरीनं पाठ केले, नवऱ्यानं पण तेच पाठ केले. व्हिसा आला. पैसे जातात पण काम होतं. बाईमाणूस दिल्लीला जाऊन गोऱ्या साहेबापुढं काय बोलणार?

माहेर_सोलापूर

कडक_भाकरी दादा, बाईमाणूस बोलते. मी बोलले. सविस्तर लिहिते रात्री, मुलं झोपल्यावर.

अ‍ॅड_मुरारजी_पेठ

मी सोलापूर कोर्टात वकिली करतो, कॅनडाच्या कायद्याची सनद माझ्याकडे नाही. तरी दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १६(१)नुसार अर्जदाराने विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं देणं बंधनकारक आहे. कलम ४०खाली महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा दडवली असं ठरलं तर ५ वर्षं त्या देशाचं दार बंद. आज विजापूर_रोड यांच्या ताईच्या फाइलमध्ये फक्त शंका आहे. पाठ केलेल्या उत्तरात एक गोष्ट खोटी निघाली तर त्याच फाइलमध्ये ए ४० येईल. खरं लग्न असलेल्या मुलीला खोटं पडायची वेळ कोण आणतंय, तर पैसे घेणारा माणूस. याचा मला फार राग येतो. अशा केसेस घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

दुसरं, त्याच कायद्याच्या कलम ९१नुसार फी घेऊन सल्ला किंवा प्रतिनिधित्व करायचा अधिकार तिकडच्या वकिलांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि कॅनडाच्या कन्सल्टंट कॉलेजच्या, म्हणजे इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या, सभासदांना आहे. कॉलेजची यादी वेबसाइटवर कुणालाही बघता येते. एजंटला एकच विचारा: तुमचा नोंदणी क्रमांक काय, आणि आयएमएम ५४७६ फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून तुम्ही सही करणार का? तो सही करायला तयार नसेल तर उठून या.

कडक_भाकरी

वकीलसाहेब, सहीचं मला माहीत नव्हतं. गल्लीतल्या पोरीच्या घरी विचारतो, सही केली होती का.

कुंभारी_नाका

जरा वेगळं विचारतो. माझा स्टडी परमिट रिजेक्ट झाला. मला पण नोट्स मागवाव्या लागतील का?

अशोक_चौक_ते_मिसिसागा

आधी नकाराचं पत्र नीट बघा. जुलै २०२५च्या अखेरीपासून काही तात्पुरत्या परवान्यांच्या नकारासोबत अधिकाऱ्याची निर्णयाची टिपणं जोडायला सुरुवात झालीय, त्यात स्टडी परमिट येतं. टिपणं नसतील तरच मागवा. बहुतेक आर २१६(१)(ब) दिसेल, म्हणजे शिक्षण संपल्यावर तुम्ही परत जाल यावर विश्वास बसला नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. इथे स्पाउसचंच चालू द्या.

माहेर_सोलापूर

लिहिते आता.

माझंही ठरवून झालेलं लग्न. मला दिल्लीला बोलावलं होतं, चाणक्यपुरीत कॅनडाच्या हाय कमिशनमध्ये. कर्नाटक एक्सप्रेसने गेलो, मी आणि बाबा. बाबांना बाहेरच थांबावं लागलं.

काचेपलीकडे एक बाई होत्या, आवाज अगदी सौम्य. फॉर्म भरताना मी मराठी दुभाषी हवा असं लिहिलं होतं, तो फोनवर होता. पहिलं वाक्य त्यांनी हेच विचारलं की दुभाष्याचं बोलणं समजतंय का. नंतर मध्येच मी लांब उत्तर दिलं आणि दुभाष्याने ते दोन वाक्यांत गुंडाळलं. मला इंग्रजी समजतं तेवढं, म्हणून मी थांबवून सांगितलं की माझं अर्धं राहिलं. बाईंनी मान हलवली आणि त्याला पुन्हा पूर्ण सांगायला लावलं. हे करायला घाबरू नका. तुम्ही बोललेलं नाही, दुभाष्याने सांगितलेलं टाइप होतं. नंतर मी नोट्स मागवल्या तेव्हा माझी अख्खी मुलाखत प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर अशी त्यात होती.

प्रश्न कसले? स्थळ कुणी आणलं. आधी आलेली स्थळं का नाकारली. नवऱ्याची कामाची पाळी कोणती, घरी कुणाबरोबर राहतो, भाडं किती देतो. त्याच्या बाजूने लग्नाला कोण कोण आलं. शेवटचं भांडण कशावरून झालं. हो, हे विचारलं. मी सांगितलं की त्याने मला न विचारता गाडी घेतली त्यावरून. त्या हसल्या आणि टाइप करत राहिल्या.

मग म्हणाल्या, तुमच्या अल्बममध्ये मुलाचे काका दिसत नाहीत, वडील नाहीत, मग वडिलकीने कोण उभं होतं. मी सांगितलं, सासरे गेलेत, मोठे मामा उभे होते. फोटोत दाखवलं. काही उत्तरं मला आली नाहीत. नवऱ्याचा पगार किती याचा नक्की आकडा मला माहीत नव्हता. तेच सांगितलं, माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. पाठांतर केलं असतं तर मी तिथे आकडा ठोकून दिला असता आणि कागदावर वेगळा निघाला असता.

आता विजापूर_रोडच्या ताईसाठी खास. आमच्या आईने आहेराची वही जपून ठेवली होती. लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर श्री गणेशाय नमः, तारीख, कार्यालयाचं नाव, आणि मग ओळीने माणसं: अमुक अक्कलकोट १०१, तमुक बार्शी एक पातेलं. मी ती भाषांतरासकट नेली होती. बाईंनी ती बराच वेळ चाळली. कोण कुठून आलं, कुणाचं काय नातं, हे विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. लग्नाला किती माणसं होती या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्याकडे घाईचं लग्न असलं तरी वही कुणीतरी लिहिलीच असेल. शोधा.

विजापूर_रोड

ताई, तुमचं वाचून दाखवलं घरी. आई लगेच उठून कपाटाकडे गेली. वही आहे! चुलत्यांच्या अक्षरात. आणि यादेचा कागदही सापडला, दोन्हीकडच्या मोठ्यांच्या सह्या आहेत, तारीख आहे. तो जोडावा का? आणि नावाचं काय करायचं? लग्नात ताईचं नाव बदललं, तांदळात लिहिलं, आणि भटजींच्या यादीवरून महापालिकेच्या नोंदणीतही नवंच नाव गेलं.

अ‍ॅड_मुरारजी_पेठ

यादेचा कागद उत्तम पुरावा आहे, पण त्यात देण्याघेण्याचे आकडे असतील तर आधी वकिलाला दाखवा. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे.

विजापूर_रोड

नाही, फक्त कार्यालयाचा खर्च निम्मा-निम्मा आणि मानपानाची लुगडी-धोतरं कुणी कुणाला द्यायची तेवढंच.

अ‍ॅड_मुरारजी_पेठ

मग निःशंकपणे जोडा.

नावाबद्दल. १९९८च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली जो दाखला मिळालाय तो खरा आहे, पण त्यावरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच हे कागदावर कुठेच जोडलेलं नाही. सोलापूरच्या माणसाला तांदळातलं नाव सांगावं लागत नाही. अधिकाऱ्याला ते माहीत असायचं कारण नाही. त्याला दोन वेगळी नावं दिसतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जुना पासपोर्ट लावा. लग्नपत्रिका छापली असेल तर तिच्यात माहेरचं नाव असेलच. घाईत राजपत्रात नाव बदलायला जाऊ नका. अर्ज चालू असताना तिसरं कागदपत्र तिसऱ्याच नावाने आलं तर गुंता वाढेल.

अशोक_चौक_ते_मिसिसागा

भाषांतराचं लक्षात ठेवा. मराठी कागद नुसता स्कॅन करून चालत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर घेत नाहीत, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. अख्खी वही भाषांतरित करायची गरज नाही वाटत असेल तर निवडक पानं द्या, पण मूळ वही मुलाखतीला बरोबर न्या.

आणि मुलाखतीच्या पत्राची वाट बघत बसू नका. नोट्समध्ये शंका दिसली आहे तर आयआरसीसीच्या वेब फॉर्ममधून फाइल नंबर आणि यूसीआय टाकून आत्ताच स्पष्टीकरण पाठवा. कधीकधी एवढ्यावरच अधिकाऱ्याचं समाधान होतं. नाही झालं तरी मुलाखत घेणारा तुमचं म्हणणं वाचून बसेल.

विजापूर_रोड

पत्राचा कच्चा मसुदा मराठीत केलाय, इंग्रजी नंतर. कृपया बघा:

“आमचे लग्न दोन्ही घरच्या संमतीने ठरले. स्थळ माझ्या मावशीने सुचवले. लग्नाआधी आम्ही अनेक महिने व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. पतीला कामावरून थोडीच रजा मिळाली. आमच्या भागात बैठकीत याद झाल्यावर त्याच दिवशी लग्न लावण्याची पद्धत आहे, त्यानुसार आमचे लग्न झाले. हळद घरीच झाली व त्याचे फोटो काढले गेले नाहीत. आमचे कुटुंब अत्यंत प्रतिष्ठित व प्रामाणिक आहे. आमचे एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे. तरी कृपया सहानुभूतीने विचार करावा.”

अशोक_चौक_ते_मिसिसागा

शेवटची तीन वाक्यं काढा. ती खरी असतील, पण त्यांना जोडायला कागद नाही. राहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे पुरावा हवा. स्थळ मावशीने सुचवले: मावशीचं प्रतिज्ञापत्र, तिने कुणाशी कधी बोलणं केलं ते तिच्या शब्दांत. व्हिडिओ कॉल: लग्नाआधीच्या महिन्यांची कॉल यादी, स्क्रीनशॉट, तारखा दिसतील असे. अंगठ्या आणि गुलाबाच्या चित्रांची दोनशे पानं नकोत, प्रत्येक महिन्यातले थोडे पुरे. रजा: दाजींच्या कंपनीचं पत्र आणि विमानाची तिकिटं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण घाई कशामुळे झाली ते यातूनच कळतं. त्याच दिवशी लग्न: यादेचा कागद, कार्यालयाची पावती, आहेराची वही. तुमच्याच नात्यात असं लग्न आधी झालेलं असेल तर त्या जोडप्याचं पत्र आणि त्यांचा दाखला जोडता येईल, म्हणजे पद्धत आहे हे नुसतं म्हणणं राहत नाही.

माहेर_सोलापूर

आणि हळदीचा एकही फोटो नाही हे खरंय का नक्की? बायकांच्या फोनमध्ये बघा. आत्या, काकू, शेजारच्या वहिनी. कुणीतरी काढलेला असतोच.

विजापूर_रोड

बघतो ताई. ते सुचलंच नव्हतं. आम्ही फक्त फोटोग्राफरचा अल्बम जोडला होता.

नवी_पेठ

एवढं करूनही नाकारलं तर? आणि किती दिवस लागतात या सगळ्याला?

अ‍ॅड_मुरारजी_पेठ

नाकारलं तर स्पॉन्सरला, म्हणजे कॅनडातल्या नवऱ्याला, इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येतं. तिथे नवे पुरावे आणि नव्या साक्षी चालतात. इतर प्रकारच्या अर्जांत जिथे असं अपील नाही, तिथे फेडरल कोर्टात जावं लागतं. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला मुदत ६० दिवस, आणि कोर्ट साधारणपणे अधिकाऱ्यासमोर होते तेवढेच कागद बघतं. म्हणूनच अशोक_चौक_ते_मिसिसागा सांगतायत ते मोलाचं आहे, जे द्यायचं ते निर्णयाआधी फाइलमध्ये गेलं पाहिजे. १९९९च्या बेकर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची टिपणंच निर्णयाची कारणं म्हणून धरली होती. त्या पीडीएफला एवढी किंमत आहे. जपून ठेवा.

अशोक_चौक_ते_मिसिसागा

वेळेचं ठाम कुणी सांगू शकत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये दोन्ही देशांचं बिनसलं तेव्हा कॅनडाने ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत नेले आणि आयआरसीसीची भारतातली माणसं २७वरून ५वर आली. बरंच काम दुसऱ्या देशांतल्या कार्यालयांत गेलं. त्यामुळे तुमची फाइल कोणत्या कार्यालयात आहे तेही नोट्समध्ये बघा. मुलाखत दिल्लीतच होईल असंही नाही, फोनवर किंवा व्हिडिओवरही घेतात. ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज बघा. आणि मेडिकल साधारण १२ महिने चालतं. लांबलं तर पुन्हा करायला सांगतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

भवानी_पेठ_पद्मशाली

माझी शंका विचारू का? आम्ही घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी, बायकोने फॉर्मात मातृभाषा तेलुगू लिहिलीय. नवरा-बायको व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र मराठीतच लिहितो. सगळं मिसळलेलं. हे संशयास्पद वाटेल का? आणि दुभाषी कुठला मागायचा?

माहेर_सोलापूर

तिला घाबरल्यावर ज्या भाषेत बोलता येतं ती मागा. मातृभाषेच्या रकान्यात तेलुगू आहे म्हणून तेलुगूच घेतलं पाहिजे असं नाही.

अशोक_चौक_ते_मिसिसागा

आमचंही घर तसंच, म्हणून सांगतो. संशयास्पद नाही, पण न सांगितलं तर कोड्यात टाकणारं आहे. स्पष्टीकरणात दोन ओळी घाला: कुटुंब मूळचं तेलुगू भाषक, पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात, शिक्षण मराठीत, म्हणून आपसात लिहिताना मराठी. शाळेचा दाखला जोडा. चॅटचं भाषांतर देताना मूळ भाषा कोणती तेही प्रत्येक पानावर लिहा, कारण तुमच्या चॅटमध्ये एकाच ओळीत दोन्ही असणार. दुभाषी मराठी हवा असेल तर मुलाखतीचं पत्र आल्या-आल्या उत्तरात कळवा.

विजापूर_रोड

मंडळी, ताईने स्वतःच्या नावाने प्रायव्हसीखाली नवीन नोट्स मागवल्या, स्वतः बसून फॉर्म भरला. एजंटला नोंदणी क्रमांक विचारला, तो म्हणाला ऑफिसात येऊन बोला. गेलो नाही. आणि हळदीचे फोटो मिळाले, धाकट्या काकूंच्या जुन्या फोनमध्ये, अंधुक आहेत पण ताई, आई, मावशी आणि मागे भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट दिसतं. तारखेचा महिना वाचता येतो. हे जसेच्या तसे द्यायचे की उजेड वाढवून?

अशोक_चौक_ते_मिसिसागा

जसेच्या तसे. काहीही हात लावू नका. फोनमधली मूळ फाइलही जपून ठेवा, काकूंना तो फोन विकू देऊ नका. कुणी काढला, कुठे, कधी, हे काकूंच्या दोन ओळींत लिहून घ्या आणि मावशीच्या प्रतिज्ञापत्रासोबत पाठवा.